स्थानिक व्यवसाय परिषदेला जाऊन खरा फायदा कसा करून घ्यावा?

भाषणांपेक्षा माणसं गाठायला जा. आठवडाभर आधी वक्ते आणि स्टॉलधारकांची यादी बघा, त्यातली पाचच नावं निवडा आणि प्रत्येकाला दोन ओळींचा मेसेज टाका: मधल्या सुट्टीत दहा मिनिटं भेटता येईल का?

नोंदणी सुरू होतानाच पोहोचा. तेव्हा गर्दी कमी असते, कुणाशीही निवांत बोलता येतं. ओळख करून देताना हुद्दा नको, काम सांगा. 'मी पॅकेजिंगमध्ये आहे' म्हटलं की बोलणं तिथेच खुंटतं. 'काचेच्या बाटल्या वाटेत फुटू नयेत असे खोके बनवतो' म्हटलं की समोरचा पुढचा प्रश्न विचारतो.

खरा घोळ होतो कार्डांचा. खिशात तीस कार्डं जमतात आणि दुसऱ्या दिवशी एकाही कार्डाचा चेहरा आठवत नाही. म्हणून माणूस पाठमोरा होताच कार्डामागे लिहा: काय बोलणं झालं, काय पाठवायचं कबूल केलं. गुळगुळीत कार्डावर शाई पसरते, त्याचा सरळ फोटो काढून टीप मोबाइलमध्ये ठेवा. कबूल केलेलं दोन दिवसांत पाठवा, आणि नुसतं 'भेटून आनंद झाला' नको.

एकाच ऑफिसातून तिघं गेलात, तर जेवायला वेगवेगळ्या टेबलांवर बसा.