बोका फवारतोय की कुंथतोय?

मी पशुवैद्य. होळी सरली की माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांना बोक्याच्या मुताचा वास असतो. प्रश्न तेच, गैरसमजही तेच. म्हणून या वेळी सगळे एकत्र घेतो.

बोका ११ महिन्यांचा आहे. शेपूट वर करून कूलरच्या गवतावर पिचकारी मारतो. कूलर लावला की सगळं घर घमघमतं. दोनदा गवत बदललं. (भुसावळ)

नसबंदी करा. तिसऱ्यांदा गवत त्यानंतरच बदला, आणि कूलरची जाळी व चौकटही घासून घ्या.

तुम्ही केलेलं वर्णन अगदी बरोबर आहे. उभा राहतो, शेपूट ताठ करतो, तिचं टोक थरथरतं आणि उभ्या वस्तूवर थोडीशीच लघवी उडते. ही हद्द आखणं झालं, म्हणजेच खुणा करणं. नसबंदीनंतर साधारण ९० टक्के बोक्यांचं हे थांबतं किंवा बरंच कमी होतं. अंगातले हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, तेव्हा चौथ्या दिवशी फोन करून ‘फरक नाही’ म्हणू नका. आणि रात्री कूलरच्या खिडकीबाहेर गल्लीतला दुसरा बोका येऊन बसतो का, तेही बघा. बहुतेक बसत असेल.

दारात लाल पाण्याची बाटली ठेवली तर? (नंदुरबार)

काही होत नाही. ती बाटली कुत्र्यांसाठी ठेवतात, आणि कुत्री तिच्यावरच तंगडी वर करतात.

रोज फिनाईलने पुसते, कोपऱ्यात डांबरगोळ्याही टाकल्या, तरी तिथेच करतो. (अमळनेर)

ताई, दोन्ही आजच बंद करा. फिनाईलमधले काही घटक मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. डांबरगोळ्याही विषारीच. ब्लीच तर लघवीवर मुळीच ओतू नका, त्यातून घातक वायू निघतो. एन्झाइमवाली कपडे धुण्याची पावडर पाण्यात कालवून डाग धुवा, साध्या पाण्याने दोनदा पुसा, वाळू द्या. आपल्या नाकाला वास गेला तरी त्याच्या नाकाला तो असतो, म्हणून हे काही दिवस रोज करावं लागेल. पण पुसण्याने कारण जात नाही. बोक्याची नसबंदी झाली आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

चार वर्षांचा बोका, नसबंदी झालेली. दोन दिवस झाले, सारखा रेतीच्या घमेल्यात जाऊन बसतो, ओरडतो, थेंबभर होते. बाथरूममध्येही बसतो. शेजारी म्हणाले बद्धकोष्ठ, म्हणून एरंडेल पाजलं. पुन्हा खुणा करायला लागला का? (चोपडा)

पत्र मिळालं त्याच तासाला यांना फोन केला. पत्र लिहून दोन दिवस झाले होते, म्हणजे एकूण चार. पुढचं बाकीच्यांसाठी लिहितो.

फवारणारा बोका ऐटीत असतो. कुंथणारा बोका खाली बसतो, कण्हतो, मागचा भाग चाटत राहतो. त्याची लघवी तुंबलेली असू शकते. बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते. खडे आणि चिकट स्राव यांचा बारीकसा बूच तिथे बसला की वाट बंद. मूत्राशय फुगून लिंबासारखं टणक लागतं, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय मंदावतं. पूर्ण बंद झालेला बोका २४ ते ४८ तासांत दगावू शकतो. त्या तासांत लोक कुळथाचं पाणी पाजतात, एरंडेल देतात, ‘सोमवारी बघू’ म्हणतात. गेल्या मे महिन्यात एक भुरा बोका माझ्या टेबलावर आला तो तिसऱ्या दिवशी, बाजाराच्या पिशवीत, अंग गार पडलेला. घरच्यांनी त्याला दुखतं म्हणून पॅरासिटामॉल दिली होती. मांजराला तीही विषच. लघवी मोकळी करायला नळी घालायची वेळसुद्धा आली नाही.

तेव्हा पोट दाबू नका, गोळी देऊ नका, रात्र असली तरी निघा. आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, त्यात नुसतं कोरडं खाणं आणि पाण्याची एकच वाटी. लघवी दाट होणारच. तीन-चार ठिकाणी पाणी ठेवा, ओलं खाणं द्या. पाकिटावर ‘युरिनरी’ छापलंय म्हणून कोणतंही खाद्य आणू नका. खडा कोणत्या जातीचा आहे हे तपासणीतून कळतं, दुकानदाराला कळत नाही.

मांजरीची नसबंदी झाली आहे. घरात कापूस भरल्यापासून त्याच्यावरच लघवी करते. भाव येईपर्यंत कापूस हलवता येणार नाही. (धरणगाव)

मऊ ढिगावर बसून पोटभर करते ना? मग ही खूण नव्हे. तिचं घमेलं त्याच खोलीत होतं आणि कापसाखाली गेलं असेल, तर तिची काय चूक? शांत जागी घमेलं द्या (मांजरं जितकी, त्याहून एक जास्त) आणि कापसाच्या खोलीचं दार लावा. त्याआधी लघवी तपासून घ्या, मूत्राशयाला सूज असली तरी मांजर असं करतं. कापसाला भाव कधी येईल ते मला विचारू नका.

दुकानदार फेरोमोनचं यंत्र घ्या म्हणतो, ‘महिन्यात फरक पडेल, भो.’ मित्र म्हणतो, माणसाची नैराश्याची गोळी चतकोर द्यावी. (जळगाव)

फेरोमोनचा, म्हणजे मांजराच्या अंगच्या खुणेच्या गंधाच्या नकलेचा, काही मांजरांना उपयोग होतो. पण नसबंदी न केलेल्या बोक्यासाठी ते विकणं म्हणजे गळक्या टाकीखाली वाटी ठेवणं. त्याच नावाखाली नुसती सुगंधी तेलंही खपवली जातात आणि ती मांजराला बाधतात. गोळीचं म्हणाल तर, त्यातलं फ्लुओक्सेटिन आम्ही खरंच वापरतो. पण ते तपासणीनंतर, वजनावर, कित्येक आठवडे द्यावं लागतं आणि मनाने बंदही करायचं नसतं. मित्राला त्याची गोळी परत करा.

बोका ८ वर्षांचा आहे. आता नसबंदीला उशीर झाला का? (शिरपूर)

नाही. आधी रक्त तपासून घ्या, आणि याच आठवड्यात न्या.