डॅन्यूबच्या काठाने सायकल: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवर कसं जाता येतं त्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की खूप बरं वाटलं. मी हा रस्ता दोनदा केलाय, एकदा घाईत आणि एकदा निवांत, त्यामुळे जे सांगतेय ते त्यातूनच आलंय.

प्रश्न: आम्ही दोघं, वय 61 आणि 57, पुण्यात रोज सकाळी दहाबारा किलोमीटर सायकल चालवतो, यापेक्षा जास्त कधी केलं नाही. सव्वातीनशे किलोमीटर आम्हाला झेपेल का? आणि खरंच गाड्या नसतात का हो?

झेपेल, नक्की झेपेल. घाट नाहीये हो तिकडे. पासाऊ ते व्हिएन्ना एवढ्या अंतरात नदी जेमतेम दीडशे मीटर खाली उतरते, आणि रस्ता नदीच्या कडेकडेनेच जातो. त्याचं कारण मला फार आवडतं. पूर्वी प्रवाहाच्या उलट जाणाऱ्या बोटी घोडे लावून ओढायचे, त्या घोड्यांना चालायला अगदी पाण्यालगत सपाट वाट लागायची, तिला तिकडे ट्रेपेलवेग म्हणतात. पुढे इंजिनाच्या बोटी आल्या, घोडे गेले, वाट राहिली, आणि आज बऱ्याच ठिकाणी आपण त्याच वाटेवरून सायकल चालवतो. घोड्यासाठी केलेली वाट, मग चढ कुठून येणार!

गाड्यांचं मात्र खरं सांगते, शंभर टक्के रिकामा रस्ता असं नाहीये. बराचसा भाग सायकल आणि पायी चालणाऱ्यांचाच आहे, पण मधे गावं येतात तिथे गल्लीतून जावं लागतं, शेताच्या रस्त्यावर एखादा ट्रॅक्टर भेटतो, आणि लिंझ शहराच्या अलीकडे काही अंतर मोठ्या रस्त्याला लागून जातं, तिथे आवाज आहे. पुण्याच्या ट्रॅफिकमधून रोज सायकल काढणाऱ्या माणसाला हे काहीच नाही. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवशी डोक्यात पक्की करा, तिकडे उजवीकडून चालायचं असतं, आणि वळणावर आपला हात आपोआप डावीकडे वळतो.

लोक हे अंतर पाचसहा दिवसांत करतात. मी पहिल्यांदा पाच दिवसांत केलं आणि आता त्याचं वाईट वाटतं, नुसतं चाक फिरवलं. तुम्ही आठ-नऊ दिवस घ्या, रोज चाळीसच्या आसपास. सामान एका मुक्कामावरून दुसरीकडे पोचवणाऱ्या कंपन्या आहेत, पैसे थोडे जातात पण पाठ वाचते. सायकल पासाऊला भाड्याने घेऊन व्हिएन्नात परत देता येते, इ-बाईकसुद्धा मिळते, त्यात कमीपणा काही नाही. आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून असतो म्हणून सगळे पासाऊकडून व्हिएन्नाकडेच जातात, तुम्हीपण तसंच जा, उलटं नको.

प्रश्न: मी म्युनिकला नोकरीला आहे. आई-बाबा जुलैमध्ये नागपूरहून येतायत, आमच्याकडे तीनच दिवस आहेत. कुठला तुकडा करू?

वाखाऊ! दुसरा विचारच करू नका. मेल्क ते क्रेम्स, साधारण 36 किलोमीटरची ही दरी आहे, 2000 साली युनेस्कोच्या यादीत गेली. एका बाजूला दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या द्राक्षबागा, खाली जर्दाळूची झाडं, मधून नदी. जर्दाळूला तिकडे मारिले म्हणतात, आणि जुलै म्हणजे तो पिकायचा महिना, रस्त्याच्या कडेला शेतकरी टोपल्या मांडून बसलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात देवगडच्या रस्त्यावर आंब्याच्या पेट्या दिसतात ना, तसंच वाटतं, आईबाबांना तर फारच.

ट्रेनने साल्झबुर्ग-लिंझ मार्गे मेल्कला या. पहिला अर्धा दिवस मेल्कच्या मठाला द्या, 1089 पासून बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू तिथे आहेत आणि आज दिसणारी ती पिवळी भव्य इमारत 1702 ते 1736 या काळात याकोब प्रांडटाउअर या वास्तुकाराच्या आराखड्यावर उभी राहिली.

आता किनारा कुठला, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि तो कोणी विचारतच नाही. उत्तरेच्या काठावर प्रसिद्ध गावं आहेत पण गर्दीही तिथेच, आणि मोठा रस्ताही. दक्षिणेचा काठ शांत आहे. मी काय करते, मेल्कहून दक्षिण काठाने निघायचं, शोनब्यूहेल, आग्सबाख करत आर्न्सडॉर्फपर्यंत यायचं, वर डोंगरावर आग्श्टाइनचा पडका किल्ला दिसतो, तो खालूनच बघायचा. आर्न्सडॉर्फला नदी ओलांडून नेणारी बोट, म्हणजे तर, मिळते. तिला इंजिन नाही! नदीवर आडवी तार बांधलेली असते, बोट तारेला अडकवलेली, आणि प्रवाहाचा रेटाच तिला तिरकं ढकलत पलीकडे नेतो. नुसतं पाण्याचं चुळुक चुळुक ऐकू येतं. माझे त्या प्रवासातले सगळ्यात सुंदर क्षण तेच. फक्त संध्याकाळी ही बोट लवकर बंद होते, हे मी एकदा काठावर पोचल्यावर शिकले आणि सायकल घेऊन पूल शोधत अंधारात फिरले, तर वेळ आधी बघून ठेवा.

पलीकडे श्पिट्झ गाव, तिथे मुक्काम करा. थोडं मागे विलेनडॉर्फ आहे, तिथे 1908 मध्ये 'विलेनडॉर्फची व्हीनस' म्हणून प्रसिद्ध असलेली, अश्मयुगातली अकरा सेंटिमीटरची दगडी स्त्रीमूर्ती सापडली होती, मूळ मूर्ती आता व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या दिवशी द्राक्षबागांमधून वाइसेनकिर्शेन, ड्युर्नश्टाइन. ड्युर्नश्टाइनच्या वरच्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192 च्या डिसेंबरात कैद होता. वर चढायला पाय लागतात, बाबांचे गुडघे बरे असतील तर सकाळी जा. आई दमली तर क्रेम्सपर्यंत बोटीने येऊ दे, सायकलपण चढते बोटीत.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी. अंडंही नाही. खायचे हाल होतील का?

हाल नाही, पण रोज सकाळी थोडा विचार करावा लागेल. केझेश्पेट्झले नावाचा चीजचा प्रकार सगळीकडे मिळतो पण त्यात अंडं असतं, बऱ्याच क्नोडेलमध्येही, म्हणजे उकडलेल्या गोळ्यांमध्येही, असतं, जर्दाळूच्या गोड क्नोडेलमध्येसुद्धा, म्हणून विचारूनच घ्या, "ओने आय" म्हणजे अंड्याशिवाय. सूप भाजीचं दिसलं तरी पाणी मटणाचं असू शकतं. वाईनवाल्यांच्या घरी होयरिगे असतात, तिथे ब्रेड आणि लिप्टाउअर नावाची चीजची तिखटसर चटणी मिळते, मला ती फार आवडते. नाहीतर ब्रेड, काकडी, टोमॅटो, चीज आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी, नदीकाठच्या बाकावर बसून, यापेक्षा चांगलं जेवण मला तरी कुठल्या हॉटेलात मिळालं नाही. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच खरेदी करा. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

प्रश्न: दहा वर्षांच्या मुलीला घेऊन जायचंय, काही नियम?

ऑस्ट्रियात बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. रोज पंचवीस-तीसच्या वर जाऊ नका, आणि पासाऊ ते श्लोगेन हाच तुकडा करा, शेवटी नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते, ते वरून बघितलं की मुलं थक्क होतात. मे ते सप्टेंबर जा. निघण्याआधी पाण्याची पातळी बघा, पूर आला तर वाटेचे भाग बंद करतात, सप्टेंबर 2024 मध्ये तर खाली व्हिएन्नाच्या अलीकडच्या भागात फार मोठा पूर आला होता.

प्रश्न: लिंझनंतर माउटहाउसेन लागतं असं वाचलं. सुट्टीत असल्या जागी जावं का?

जावं, असं मला वाटतं. 1938 ते 1945 नाझींची छळछावणी होती तिथे, कैद्यांकडून दगडाच्या खाणीत काम करून घ्यायचे. छावणी गावाच्या वर टेकडीवर आहे, या सगळ्या प्रवासातला एक खरा चढ तोच. अर्धा दिवस वेगळा ठेवा, आणि त्या दिवशी पुढचा मुक्काम जवळच घ्या, तिथून खाली आल्यावर मला बराच वेळ पेडल मारावंसंच वाटलं नव्हतं.