पबमेडमध्ये विंचूदंशावर शोधताना महत्त्वाचेच पेपर का सुटतात?

तुम्ही लिहिलंय की प्रबंधासाठी पबमेडमध्ये (वैद्यकीय संशोधन-लेखांच्या ऑनलाइन सूचीत) 'ट्रीटमेंट ऑफ स्कॉर्पियन स्टिंग इन कोकण' असं टाकलं, हाती फारसं काही लागलं नाही, आणि गाइड म्हणाले मुख्य पेपरच सुटलेत. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. सिनॉप्सिसचे, म्हणजे प्रबंधाचा आराखडा द्यायचे, दिवस आले की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. (शब्द इथे देवनागरीत लिहितोय, पबमेडमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका.)

आधी 'कोकण' काढा. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला राहून विंचूदंशावर काम करत आले, पण बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातल्या त्यांच्या २०११च्या ट्रायलच्या (औषध-चाचणीच्या) शीर्षकात कोकण नाही. तिथे विंचू आहे, प्रॅझोसिन हे औषध आहे, अँटिव्हेनम म्हणजे विषावरचा उतारा आहे. पत्त्यावरून शोधायचं म्हणाल तर २०१४पूर्वीच्या नोंदींत बहुधा फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता असतो. जागा सगळ्यात शेवटी, निकाल डोळ्यांखालून घालताना बघा.

आता विंचवाचं नाव. आपल्या लाल विंचवाला जुन्या पेपरांत बुथस टॅम्युलस म्हणत, मग तो मेसोबुथस झाला, आता हॉटेनटोटा आहे. तीन नावं टाकण्यापेक्षा नुसतं 'टॅम्युलस' टाका, ते तिन्हींत आहे. दंशाचंही तसंच: कुणी स्टिंग लिहितं, कुणी एन्व्हेनमिंग, कुणी एन्व्हेनमेशन. औषधाला कुणी अँटिव्हेनम, कुणी अँटिव्हेनिन. अशा वेळी 'अँटिव्हेन'पर्यंत लिहून पुढे तारा (*) लावायचा, म्हणजे पुढचं शेपूट काहीही असलं तरी सापडतं. मध्ये आडवी रेघ देऊन लिहिलेलं 'अँटि-व्हेनम' मात्र वेगळं टाका.

इथेच बहुतेकांची फसगत होते. साधा शब्द टाकला की पबमेड तो स्वतःहून मेशच्या, म्हणजे तिथल्या ठरावीक विषय-शब्दांच्या यादीशी जोडून बघतं. तारा किंवा अवतरणचिन्हं लावलीत की ही जोडणी बंद. म्हणून मेशमधला 'स्कॉर्पियन स्टिंग्ज' हाताने घालावा लागतो. आणि फक्त मेशवरही विसंबू नका, अगदी ताज्या पेपरांना ते शब्द अजून लागलेले नसतात. ('ह्यूमन्स' हा फिल्टरही मेशवरच चालतो. तो लावला की नवे पेपर गुपचूप गळतात. मी तो लावूच देत नाही.)

तर अ‍ॅडव्हान्स्ड पानावर पहिली ओळ: मेशमधला स्कॉर्पियन स्टिंग्ज, ऑर शीर्षक-सारांशातला तारा लावलेला स्कॉर्पियन, ऑर टॅम्युलस. दुसरी: प्रॅझोसिन, ऑर तारा लावलेला अँटिव्हेन, ऑर अँटि-व्हेनम. मग खालच्या हिस्टरीतून दोन्ही अँडने जोडा. ऑर आणि अँड कॅपिटलमध्येच लिहा. सगळं एकाच ओळीत लिहायचं असेल तर कंस विसरू नका, पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. पहिल्या ओळीत स्कॉर्पियनफिश नावाचे मासेही येतील. येऊ द्या, दुसरी ओळ जोडली की बरेच जातात.

अवतरणचिन्हांतली एक खोड सांगून ठेवतो. तो शब्दसमूह पबमेडच्या स्वतःच्या सूचीत नसेल तर तसा तो शोधलाच जात नाही, सापडला नाही अशी छोटी सूचना येते आणि आपण ती वाचत नाही. त्यापेक्षा २०२२मध्ये आलेला प्रॉक्सिमिटी शोध वापरा: शब्द अवतरणात, पुढे चौकटी कंसात शीर्षक-सारांशाचा टॅग, मग त्याच कंसात अपूर्णविराम (:), लहरी रेघ (~) आणि आकडा. आकडा ३ म्हणजे त्या शब्दांमध्ये जास्तीत जास्त तीन इतर शब्द चालतील. क्रम उलटा असला तरी चालतं. यात तारा मात्र चालत नाही.

दर शोधानंतर हिस्टरीतलं 'डिटेल्स' उघडा. तुम्ही लिहिलेलं पबमेडने नेमकं कसं वाचलं ते तिथे दिसतं. तुमच्या मूळ ओळीचंही बघा, 'कोकण' अँडने जोडलेलं दिसेल.

शेवटी परीक्षा घ्या. पूर्ण शोधाला अँडने 'बावस्कर एचएस' लेखक म्हणून जोडा. बीएमजेचा तो २०११चा पेपर आला नाही, तर जाळ्याला कुठेतरी भोक आहे. त्या पेपरची नोंद उघडा, शीर्षकात, सारांशात, मेशमध्ये कोणते शब्द आहेत ते बघा आणि तुमच्या ओळींत भर घाला. तो आला, की गाइडनी सांगितलेले बाकीचे पेपर एकेक करून असेच तपासा, आणि मग तो शोध माय एनसीबीआयमध्ये (पबमेडवरच्या तुमच्या खात्यात) सेव्ह करून ईमेल अलर्ट लावून टाका.