आयसीयूत असलेल्या वडिलांना संशोधनात घ्यायला संमती द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की बाबा काल रात्रीपासून पुण्यात आयसीयूत आहेत. सेप्सिस झालाय, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयवच बिघडायला लागलेत; व्हेंटिलेटर लावलाय आणि आज सकाळपासून बीपी टिकत नाही. डॉक्टरांनी हातात मराठी संमतीपत्र दिलं. अशा रुग्णाला सलाईन सढळ द्यायचं की हात राखून, याचा अभ्यास चालू आहे आणि बाबा कुठल्या गटात जाणार ते कॉम्प्युटर ठरवणार. भाऊ म्हणतो, 'बाबांवर प्रयोग करतायत, सही करू नकोस.' आणि उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

मी पुण्यातच सोळा वर्षं आयसीयूत सिस्टर होते. गेली सहा वर्षं अशाच अभ्यासांची कोऑर्डिनेटर आहे. तुमच्यासारख्या लोकांसमोर तो कागद घेऊन बसणारी बाई म्हणजे मीच, तेव्हा मी कुठल्या बाजूने बोलतेय हे लक्षात ठेवून वाचा. बाबांची केस मला माहीत नाही. पण माझ्या घरचं माणूस त्या बेडवर असतं आणि खाली लिहिलेल्या गोष्टी नीट झाल्या असत्या, तर मी सही केली असती.

भावाचा शब्द चुकीचा नाही. हा प्रयोगच आहे. फक्त भावाला एक विचारा: सही केली नाही, तर बाबांना किती सलाईन मिळणार हे कोण ठरवेल? ड्यूटीवरचे डॉक्टर ठरवतील. ते शिकले कुठे, त्यांच्या सरांची पद्धत काय होती, यावर ते बरंचसं अवलंबून असतं. मी एकाच बेडवर पाहिलंय. दिवसाचे सर म्हणायचे, 'अजून अर्धा लिटर जाऊ दे.' रात्रीचे सर आले की पहिला प्रश्न, 'एवढं पाणी कोणी भरलं? बीपीचं औषध वाढवा.' दोघंही हुशार, दोघंही पेशंटसाठी रात्र रात्र उभे राहणारे. फरक इतकाच की त्या रुग्णाचं पुढे काय झालं, यावरून दोघांपैकी कोणाचं बरोबर होतं हे कोणालाच कळलं नाही. तो बरा झाला, पण कशामुळे झाला ते सांगता येत नव्हतं.

आयसीयूत हीच मोठी अडचण आहे. समोर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवला तर फसायला होतं. बाबांना आत घेतल्यावर सिस्टरने टेप घेऊन त्यांची उंची मोजली असेल, तुम्ही कदाचित पाहिलंही असेल. नातेवाइकांना ते विचित्र वाटतं. ती टेप एका अभ्यासामुळे आली. पूर्वी व्हेंटिलेटरवर रुग्णाला मोठे मोठे श्वास द्यायची पद्धत होती, किलोमागे १० ते १५ मिली. रक्तातला ऑक्सिजन छान दिसायचा, सगळ्यांना बरं वाटायचं. अमेरिकेत फुप्फुसं गंभीरपणे सुजलेल्या ८६१ रुग्णांवर दोन पद्धतींची तुलना झाली. एका गटाला किलोमागे १२ मिलीचा श्वास, दुसऱ्याला ६ मिलीचा. आणि हा किलो काट्यावरचा नाही, उंचीवरून काढलेला, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. २००० साली निकाल आला. मोठ्या श्वासांच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, लहान श्वासांच्या गटात ३१ टक्के. पहिल्या काही दिवसांत लहान श्वासवाल्यांचा ऑक्सिजन उलट कमी दिसत होता! बेडशेजारी उभं राहून, मॉनिटरकडे बघून कुठल्याही शहाण्या माणसाने मोठा श्वासच निवडला असता. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला आता साधारण ३७० मिलीचा श्वास देतात. बाबांना आज जो श्वास मिळतोय, तो त्या ८६१ लोकांच्या नातेवाइकांनी सही केली म्हणून त्या मापाचा आहे.

डोक्याला मार लागलेल्यांचंही तसंच. मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड द्यायचं, हे तीसेक वर्षं चालत आलं होतं आणि ऐकायला पटणारंही होतं. मग १०,००८ रुग्णांवर चाचणी झाली. २००४ मध्ये तिचा निकाल आला: स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत गेले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्याआधीच्या वर्षांत हे औषध 'नेहमीचा उपचार' म्हणून किती लोकांना दिलं गेलं असेल, हा विचार मनात आला की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं. त्यांच्या घरच्यांकडे कोणी संशोधनाची संमती मागितली नव्हती, कारण ते संशोधन नव्हतंच.

आता तुमच्या सलाईनकडे येते. बीपी पडलं की शिरेतून भराभर पाणी द्यायचं, हे आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून शिकवलं जातं. युगांडा, केनिया आणि टांझानियात तापाने गंभीर झालेल्या ३,१४१ मुलांवर हे तपासलं. झपाट्याने द्रव दिलेल्या मुलांपैकी साडेदहा टक्के ४८ तासांत दगावली, तसं न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. निकाल २०११ मध्ये आला आणि अनेकांना तो खरा वाटेना. अर्थात तिथे आयसीयू नव्हते, व्हेंटिलेटर नव्हते, आणि ती लहान मुलं होती. म्हणून युरोपात सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळे बीपी कोसळलेल्या, १,५५४ मोठ्या माणसांवर कमी सलाईन आणि नेहमीचं सलाईन अशी तुलना झाली. २०२२ चा निकाल: ९० दिवसांत एका गटात ४२.३ टक्के मृत्यू, दुसऱ्यात ४२.१. म्हणजे फरक नाहीच.

मग आता पुन्हा कशाला, असं तुम्ही विचाराल आणि तसं विचारायलाच हवं. आपल्याकडे आयसीयूत येणारा माणूस वेगळा असतो. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, स्क्रब टायफस. डेंग्यूत तर रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, तिथे थोडं कमीजास्त झालं तरी जिवावर बेततं. तिकडच्या रुग्णांचा आकडा इकडे जसाच्या तसा चालेल, असं मी तरी धरून चालणार नाही. पण त्या निकालाचा तुमच्यासाठी एक अर्थ आहे: बाबा कुठल्याही गटात गेले तरी 'वाईट' गटात गेले असं आज कोणीही म्हणू शकत नाही. बाबांना उपचाराविना ठेवणारा गट यात नाही. अँटिबायोटिक, व्हेंटिलेटर, बीपीचं औषध सगळं दोन्हीकडे तसंच चालतं.

माझ्या घरची गोष्ट सांगते. सप्टेंबर २०२० मध्ये धाकटे दीर कोविडने आयसीयूत होते. एका रुग्णालयाने प्लाझ्माची, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाची, चिठ्ठी दिली. मी आयसीयूची सिस्टर, तरी मीही धावले. कात्रजपासून चिंचवडपर्यंत ब्लड बँका पालथ्या घातल्या, नुकत्याच बऱ्या झालेल्या अनोळखी माणसांना फोन करून हात जोडले. दोन पिशव्या मिळाल्या. दीर नवव्या दिवशी गेले. त्या वेळी आयसीएमआरची प्लाझ्माची चाचणी होऊनही गेली होती. एप्रिल ते जुलै, ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. ऑक्टोबरमध्ये निकाल छापून आला. आजार बळावणं किंवा मृत्यू, प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८. तरी देशाच्या उपचारसूचनांतून प्लाझ्मा निघायला मे २०२१ उजाडला, आणि तोवर त्या दुसऱ्या लाटेत किती घरं आमच्यासारखी रस्त्यावर धावत होती. याउलट डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, अगदी स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं. इंग्लंडच्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले आणि जून २०२० पासून जगभर ते सुरू झालं. दिरांना तेही मिळालं होतं. तेवढं तरी आम्ही बरोबर केलं, हे मी सासूबाईंना सांगू शकले.

इतकं सगळं सांगूनही, संमती घेण्याची पद्धत वाईट असेल तर सही करू नका. मी पूर्वी जिथे होते तिथे एकदा रात्री अडीच वाजता रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, आयसीयूच्या दारात एका बाईंसमोर कागदांचा गठ्ठा धरला. सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घालायच्या नळीची) संमती, रक्ताची संमती आणि मध्ये संशोधनाचीही. 'इथे, इथे आणि इथे.' बाई थरथरत होत्या, त्यांनी तिन्हीकडे सही केली. मी शेजारी उभी होते आणि बोलले नाही. ती संमती नव्हती. आज मी कोणालाही उभ्या उभ्या सही करू देत नाही.

तेव्हा आज दुपारी त्या डॉक्टरांना किंवा कोऑर्डिनेटरला सांगा, 'बसून बोलू.' आणि थेट विचारा: आम्ही नाही म्हटलं तर बाबांच्या उपचारात काय बदलेल? उत्तर 'काहीही नाही' हेच असायला हवं. ते देताना माणूस अडखळला किंवा नाराज झाला, तर मीही नाही म्हणेन. दुसरं, बाबा अभ्यासात असताना त्यांच्या डॉक्टरांना वाटलं की यांना वेगळं द्यायला हवं, तर देता येतं का? येतं, यायलाच हवं, आणि तसं कागदात लिहिलेलं असतं. ते पान दाखवायला सांगा. अभ्यासासाठीच्या जादा तपासण्यांचे पैसे तुमच्या बिलात लागता कामा नयेत. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत, शिवाय भरपाईची तरतूद. हेही संमतीपत्रातच असतं. सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्याजवळ राहिली पाहिजे. शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे अभ्यासात रुग्णांवर अन्याय होत नाही ना हे पाहणाऱ्या समितीच्या, सचिवांचा नंबर असतो, तो नुसता शोभेसाठी नसतो. लोक सहसा फोन करत नाहीत, पण तुम्ही खुशाल करा.

भावाला मात्र एक काम द्या. कागदावर 'सीटीआरआय'ने सुरू होणारा नंबर असेल. आपल्या देशातल्या चाचण्यांची ही सरकारी नोंदवही आहे, २००७ साली सुरू झाली, आणि पहिला रुग्ण घेण्याआधी तिच्यात नोंद व्हावी लागते. मोबाइलवर नंबर टाकला की किती रुग्ण घेणार, कुठल्या रुग्णालयांत, पैसे कोण देतंय, सगळं दिसतं. शंका घेणाऱ्या माणसाने स्वतः वाचलेलं बरं. घरात असा एक माणूस असणं चांगलंच.

आणि सही केली म्हणजे बांधले गेलात असं नाही. उद्या सकाळी वाटलं की नको, तर नको म्हणा, कारण द्यायची गरज नाही. तुम्ही आज फक्त बाबांच्या वतीने सही करताय. ते शुद्धीवर आले, बोलायला लागले की त्यांना सगळं नव्याने सांगून त्यांची स्वतःची संमती घ्यावी लागते. गेल्या वर्षी भोरकडचे एक निवृत्त मास्तर आमच्या अभ्यासात होते, मुलीने सही केली होती. अकराव्या दिवशी नळी निघाली, चौदाव्या दिवशी मी त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसले. त्यांनी चष्मा मागितला, सगळी पानं वाचली, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि म्हणाले, 'आजवरचं वापरा. पण तीन महिन्यांनी घरी फोन येणार म्हणताय तो नको, मला हे दिवस पुन्हा आठवायचे नाहीत.' मी त्या ओळीवर काट मारली, त्यांनी शेजारी तारीख घालून सही केली, आणि आम्ही फोन केला नाही.

संध्याकाळच्या आत काही विचारायचं असेल तर इथेच लिहा. मी चारनंतर मोकळी आहे.