ठकीचे डोळे उघडे होते

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या त्या बाईंनी पहिल्या भेटीत मांजरीचं नावही काढलं नाही. तक्रार झोपेची होती. रात्री साडेतीनला जाग येते ती परत डोळा लागत नाही, कामात चुका होतात, कशावरूनही चिडचिड होते. वय ४६. मी नेहमीचे प्रश्न विचारत गेले आणि प्रत्येकाला "तसं ठीक आहे" असं उत्तर येत गेलं. वेळ संपली, त्या उठल्या, तेवढ्यात त्यांची नजर स्वतःच्या काळ्या स्वेटरच्या बाहीवर गेली. तिथे एक पांढरा केस अडकला होता. त्यांनी तो झटकला नाही. चिमटीत धरून रुमालात ठेवला, रुमालाची घडी घातली आणि परत खुर्चीत बसल्या.

"आमची ठकी गेली. ७ आठवडे झाले. १४ वर्षांची होती." मग घाईघाईने म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल, मांजरीसाठी काय एवढं."

(त्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, मांजरीचं नावसुद्धा.)

"मांजर जाऊन इतके दिवस झाले, मी अजून रडते, माझं काही बिघडलंय का?" हा प्रश्न माझ्याकडे फारच क्वचित सरळ येतो. तो झोपेच्या, डोकेदुखीच्या, नवरा-बायकोच्या भांडणाच्या आडून येतो, कारण विचारणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटत असते. घरातलं माणूस गेलं की चार लोक भेटायला येतात, रजा मिळते, कामावर कोणी दोन दिवस काही बोलत नाही. मांजर गेल्यावर दुसऱ्या दिवशी नऊ वाजता कामावर हजर. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने अशा दुःखाला १९८९ मध्ये एक नावच दिलं. त्याचा साधा अर्थ असा, की जे दुःख करायचा हक्कच समाज तुम्हाला देत नाही ते दुःख. त्यात दुःख तर असतंच, वर ते लपवायची मेहनत.

मी त्यांना हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलेली गोष्ट सांगितली. प्राचीन इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की घरातले सगळे भुवया भादरायचे. त्या पहिल्यांदा हसल्या. "बरं होतं की. निदान भुवया बघून कोणीतरी विचारलं असतं, काय झालं म्हणून."

पण नुसती लाज असती तर दोन भेटींत काम झालं असतं. खरी गाठ तिसऱ्या भेटीत सापडली. मी म्हटलं, "ठकीची एखादी आठवण सांगा." त्यांनी सांगितला तो शेवटचा अर्धा तास. दवाखान्यातलं स्टीलचं टेबल, ठकीच्या पुढच्या पायावर वस्तऱ्याने केस काढलेला चौकोन, कायमचं झोपवणारं इंजेक्शन. "आणखी एक सांगा" म्हटलं तर त्याच्या आदल्या दिवशीची सांगितली. चौदा वर्षांचं मांजर, आणि हाताशी राहिलेत जेमतेम शेवटचे दोन दिवस!

मला वाटतं, लोक इथेच चुकीच्या दिशेने जातात. "आठवणींचा त्रास होतो, म्हणून विसरायला हवं" असं ठरवून वाटी, टोपली, फोटो सगळं नजरेआड करतात. त्यांना त्रास आठवणींचा नव्हता. एका दिवसाने बाकीचे सगळे दिवस गिळले होते, त्रास त्याचा होता. त्यांना मांजर विसरायचं नव्हतं, उलट परत मिळवायचं होतं.

शेवटच्या दिवसाला एवढं बळ कुठून येतं? बहुतेक वेळा अपराधीपणातून. यांच्या मनात दोन गोष्टी होत्या. पहिली, मला आधी का कळलं नाही. ठकीच्या किडन्या गेल्या होत्या. हा म्हाताऱ्या मांजरांचा नेहमीचा आजार, आणि फसवा. किडनीचं सुमारे तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीत बघतात तो टाकाऊ घटक) बहुधा वाढतच नाही. त्यात मांजर दुखणं लपवण्यात पटाईत. आजारी, घाबरलेलं मांजरही लाडात आल्यासारखं घुरघुरतं, आणि आपण समजतो स्वारी खुशीत आहे. पाणी जास्त पितेय हे यांच्या लक्षात आलं होतं, "बरंच आहे" असं त्यांना वाटलं होतं. आज ते वाक्य त्या स्वतःला माफ करत नव्हत्या. मी त्यांना विचारलं, "आज जे माहीत आहे त्यावरून त्या दिवशीच्या बाईला शिक्षा कशी देता?" या प्रश्नाने लगेच काही होत नाही. पण तो मनात राहतो.

दुसरी गोष्ट सांगायला त्यांना आणखी एक भेट लागली. "तिला झोपवलं तेव्हा तिचे डोळे मिटले नाहीत. शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती. तिला कळलं, मीच सही केली." साडेतीनला जाग यायची ती या डोळ्यांनी.

इथे मी काही समजूत घालायच्या फंदात पडले नाही. हा प्रश्न माझा नव्हताच. तो एका कागदावर त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला आणि म्हटलं, हा कागद घेऊन तिच्या डॉक्टरांकडे जा. त्या गेल्या. डॉक्टरांनी खुर्ची ओढून दिली आणि नीट समजावलं. ते औषध म्हणजे भुलीच्या औषधाचा मोठा डोस. आधी शुद्ध हरपते, तीही काही सेकंदांत, मग श्वास थांबतो, मग हृदय. डोळे मिटायला स्नायूंना काम करावं लागतं, म्हणून बहुतेक मांजरांचे डोळे उघडेच राहतात. त्या डोळ्यांमागे बघणारं कोणी नसतं. परत येऊन त्या बराच वेळ रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं. त्या आठवड्यात दोन रात्री त्या सलग झोपल्या.

मधेच एकदा त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "रात्री पायाशी वजन जाणवतं. वेड लागायची लक्षणं आहेत का ही?" अजिबात नाहीत. १९७१ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून पाहिलं, तर जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार आसपास जाणवत होता. ती माणसं होती हे खरं, पण १४ वर्षं पायाशी कोणी झोपलं असेल तर पायांना सवय लागणारच. (जेवणच बंद झालं, किंवा जगूच नये असं वाटायला लागलं, तर मात्र वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाला गाठावं. तसं इथे नव्हतं.)

मग आम्ही बाकीच्या दिवसांना हात घातला. रोज एक साधा दिवस लिहायचा, मोठा प्रसंग नको. पहिल्या चार-पाच नोंदी गुळमट होत्या, "फार लाघवी होती" वगैरे. मी म्हटलं, हे कुठल्याही मांजरीबद्दल लिहिता येईल, तिचा एखादा वाईट गुण सांगा. त्यांना ते जवळजवळ पाप वाटलं. तरी पुढच्या वेळी लिहून आणलं, की बाथरूमचं दार पूर्ण लावलं की ती बाहेर बसून शिव्या दिल्यासारखी ओरडायची, म्हणून घरात सगळ्यांना दार वीतभर उघडं ठेवायची सवय लागली. "अजून ठेवतो," त्या म्हणाल्या. "ठेवा की," मी म्हटलं.

नवऱ्याला दुसरं पिल्लू आणायचं होतं. मी एवढंच सांगितलं की ठकीची जागा भरायला आणू नका, त्या पिल्लावर अन्याय होईल. आणायचं तेव्हा आणा, फक्त नाव दुसरं ठेवा. अजून आणलेलं नाही.

शेवटच्या भेटीला त्या पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढत आल्या आणि माझ्या टेबलावर रिकामी केली. बाटल्यांची झाकणं होती. निळी, पांढरी, एक लाल, धूळ आणि केसांनी माखलेली. रंगकामासाठी कपाट सरकवलं तर त्याखाली निघाली. पंजाने ढकलत ढकलत ठकीने वर्षानुवर्षं जमा केलेली.

"अकरा आहेत, मोजली मी," त्या तावातावाने म्हणाल्या. "चोरटी कुठली! आणि इतकी वर्षं झाकणं हरवतो म्हणून मी नवऱ्याला बोलत होते."