कृष्णवर्णीय मुलींचं पर्यावरण आणि नेतृत्वावरचं लेखन वेगळं छापायची गरज काय? चांगलं असेल तर कुठेही छापून येतंच ना?

नाही, येत नाही. जानेवारी २०२० मध्ये दाव्होसला पाच तरुण हवामान कार्यकर्त्यांचा एकत्र फोटो निघाला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तो कापून पाठवला तेव्हा ग्रेटा थुनबर्गसह चार गोऱ्या मुली राहिल्या आणि कडेची युगांडाची व्हेनेसा नकाटे गेली. नंतर माफी मागितली, ते वेगळं. फोटोत उभं राहूनही जागा टिकत नसेल, तर छापील पानावर ती आपसूक कुठून मिळणार?

मी न्यू जर्सीत राहते. न्यूअर्कमधल्या मुलींच्या शनिवारच्या लेखनवर्गात मी मदतीला जायचे. ऑगस्ट २०१९ मध्ये नळाच्या पाण्यातल्या शिशामुळे तिथे बाटलीबंद पाणी वाटावं लागलं होतं. (पुढे तीनेक वर्षांत घरांना पाणी पोचवणारे शिशाचे सुमारे २३,००० पाइप बदलले गेले.) वर्गातल्या एका मुलीने त्या दिवसांवर लिहिलं. तिच्या इमारतीत लिफ्ट बंद. तिने वहीत यादी केली: कुणाकडे बाटलीने दूध पिणारं बाळ आहे, कोण गरोदर आहे, कुणाचे गुडघे दुखतात. मग कोणत्या पोराने कोणत्या मजल्यावर खोकी चढवायची ते ठरवलं. बाळांना पाणी आधी, कारण शिशाचा धोका त्यांना सर्वांत जास्त. मधेमधे आजीचं बोलणं, आजीच्याच घरगुती इंग्रजीत.

वर्गातल्या लेखनाचा संग्रह छापायचा होता. त्याची मुख्य संपादिका म्हणाली, "छान आहे, पण यात नेतृत्व कुठे आहे? शेवटी एक परिच्छेद हवा, मोठेपणी काय व्हायचंय, थोडी आशा. आणि आजीचं व्याकरण सुधारू या."

मला तेव्हा राग आला आणि अजूनही येतो. ती यादी हेच नेतृत्व! कुणी सांगितलं नसताना पंधरा वर्षांची मुलगी अख्खी इमारत सांभाळते आणि आपण तिच्याकडे स्वप्नं मागतो? भांडून मी तो परिच्छेद थांबवला. आजीची वाक्यं मात्र संपादिकेने छपाईला जाताना परस्पर बदलली. मी तो वर्ग सोडला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'ने छापला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. तो छापला गेला म्हणून आज आपण वाचतो. शेवटी आशेचा परिच्छेद जोड, असं तिला कुणी म्हटलं असतं तर?

वेगळ्या संग्रहांचा तोटाही आहे, तो मान्य. ते फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहास महिन्यापुरते मांडले जातात आणि मार्चमध्ये आत जातात. म्हणून ते शाळेच्या रोजच्या वाचनात यायला हवेत. न्यूअर्कजवळच्या वेस्ट ऑरेंजमधल्या मार्ली डायसने दहा-अकरा वर्षांची असताना, कृष्णवर्णीय मुली नायिका असलेली हजार पुस्तकं गोळा करायची मोहीम काढली ती याचसाठी. शाळेत वाचायला मिळायचे ते गोरे मुलगे आणि त्यांचे कुत्रे.

तुम्ही स्वतः असं काही छापणार असाल तर मुलीला मानधन द्या, लेखाचा हक्क तिच्याकडे ठेवा आणि शेवटचं प्रूफ तिला दाखवा. ती नको म्हणाली तो बदल करायचा नाही, संपादिकेला कितीही अनुभव असला तरी.