आफ्रिकेतल्या शहरांची वाहतूक कोंडी, हवा आणि अपघात : संशोधनाला अजून काय शिल्लक आहे?

तुम्ही विचारलंय की एम.टेक. झाल्यावर पीएच.डी.साठी आफ्रिकेतली वाहतूक कोंडी, प्रदूषण किंवा रस्ते सुरक्षा यांपैकी काहीतरी घ्यायचं आहे, पण वाचायला बसलं की सगळ्यावर पेपर निघालेलेच दिसतात, मग उरलंय काय?

बरंच उरलंय. अहो, पायाची मोजणीच अजून धड झालेली नाही. मी वाहतूक नियोजनात काम करतो आणि त्यातली काही वर्षं केनियाच्या राजधानीत, नैरोबीत होतो, त्यामुळे उदाहरणं पूर्व आफ्रिकेकडे झुकतील. आणि आधीच सांगतो, ‘आफ्रिका’ हा विषय होऊ शकत नाही. इजिप्तचं कैरो आणि युगांडाचं कंपाला एकाच मॉडेलमध्ये कोंबलेत तर कुठलाही बरा गाईड पहिल्याच पानावर फुली मारेल. एक शहर घ्या, जमल्यास एकच रस्ता.

अपघातांचं बघा. केनियात २०१६ साली रस्त्यावर मेलेल्यांचा सरकारी आकडा होता २,९६५. त्याच वर्षासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता १३,४६३. म्हणजे साडेचारपट! मधली दहा हजार माणसं गेली कुठे? जखमी माणूस दोन आठवड्यांनी वॉर्डात दगावला तर ती खबर पोलीस ठाण्यातल्या नोंदीपर्यंत पोचेलच असं नाही. हॉस्पिटलच्या कागदावर ‘डोक्याला मार’ एवढंच असतं, कशाने ते नसतं. आणि तो मोठा आकडासुद्धा कुणी मोजलेला नाही, तो सांख्यिकी मॉडेलमधून आलेला आहे. याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१० ते २०२१ या काळात जगातले रस्त्यावरचे मृत्यू ५ टक्क्यांनी घटले आणि आफ्रिका विभागात १७ टक्क्यांनी वाढले. पण कुठल्या चौकात वाढले, हे विचारलंत तर बहुतेक शहरांकडे उत्तर नाही.

इथे एकट्या विद्यार्थ्याला झेपेल असं काम आहे. एका शहरापुरत्या पोलीस, हॉस्पिटल आणि शवागार अशा तीन याद्या मिळवायच्या. वय, लिंग, तारीख, ठिकाण जुळवून किती माणसं एकाहून जास्त याद्यांत सापडतात ते काढायचं, आणि त्यावरून कुठल्याच यादीत न आलेल्यांचा अंदाज बांधायचा. या पद्धतीला कॅप्चर-रिकॅप्चर म्हणतात; जंगलातले प्राणी मोजणाऱ्यांची ती जुनी युक्ती. गोम अशी की याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. पोलिसांनीच दवाखान्यात नेलेला माणूस दोन्हीकडे सापडणारच, आणि मग न सापडलेल्यांचा अंदाज खाली येतो. म्हणून तिसरी यादी लागतेच. काम रटाळ आहे, पण शहराला उपयोगी पडेल असं.

मोजणीतली दुसरी खोट म्हणजे मोजतात ती वाहनं. नैरोबीत सुमारे चाळीस टक्के प्रवास पायी होतो, आणि मोजणीसाठी चौकात बसलेल्या मुलाच्या हातातल्या तक्त्यात कार, मिनीबस, ट्रक, मोटारसायकल असे रकाने असतात. पादचाऱ्याचा रकाना नसतो, आणि असला तर संध्याकाळी कोराच निघतो. मग ‘कोंडीमुळे किती तास वाया गेले’ हा हिशेब निघतो तो गाडीत बसलेल्यांचा. उन्हातान्हात तासभर चालणाऱ्याचा तास त्यात धरलेलाच नसतो.

कोंडीबद्दल एक अभ्यास आवर्जून वाचा. अकबर, कुत्युर, ड्युरांटन आणि स्टोरीगार्ड या अर्थतज्ज्ञांनी बाराशेहून अधिक शहरांतला वाहनांचा वेग गूगल मॅप्सवरून तपासला. सर्वांत संथ शहरांच्या यादीत ढाक्याच्या खालोखाल नायजेरियातलं लागोस, आणि तिथून जवळच आपली भिवंडी! त्यांचं म्हणणं असं की गरीब देशांतली शहरं गर्दी नसतानाही संथच असतात, म्हणजे दोष निव्वळ गाड्यांच्या संख्येचा नाही. मग कशाचा? रस्त्यांची रचना, कडेचा बाजार, मधेच थांबणाऱ्या मिनीबस, यांतलं काय किती, हे एकेका शहरात उलगडायचं बाकी आहे.

मिनीबसच्या बाबतीत तर अर्थकारण समजल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. नैरोबीची मटाटू, म्हणजे खासगी मिनीबस, बहुतेक वेळा मालक एक आणि चालवणारा दुसरा अशी असते. चालक-कंडक्टरने रोज ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, डिझेल-पेट्रोल आपल्या खिशातून, वर उरेल ते आपलं. या रकमेला तिथे ‘टार्गेट’ म्हणतात. म्हणून चौदा सीट भरेपर्यंत गाडी स्टेजवर, म्हणजे थांब्यावर, इंजिन घुरघुरत उभी राहते, कंडक्टर दारावर थाप मारत ओरडत असतो, मागच्या गाड्या अडतात. आणि एकदा गाडी भरली की पुढची फेरी गाठायला ड्रायव्हर सुसाट सुटतो. कोंडी, धूर आणि अपघात, तिन्ही त्या एका रकमेतून निघतात. आपल्याकडे भाड्याने रिक्षा चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. तरी अभ्यासक तीन गटांत वाटलेले. टार्गेटऐवजी पगार दिला तर तिन्ही आकडे किती हलतात, हे एकाच मार्गावर एकत्र मोजलेलं मला फारसं दिसलेलं नाही.

ते एकत्रच का मोजायचं, तर कोंडी सुटली की वेग वाढतो आणि वेगाने माणसं मरतात. नैरोबीत २०२२ मध्ये २७ किलोमीटरचा टोल एक्सप्रेसवे सुरू झाला. वरून विमानतळ लवकर गाठता येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. खालून रस्ता ओलांडणाऱ्याचं काय झालं, हा प्रबंधाचा विषय आहे.

हवेचं थोडक्यात सांगतो. कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठातल्या एअरक्यू या प्रकल्पाने हवा मोजणारे स्वस्त सेन्सर बनवून शहरभर लावले, काही तर भाड्याच्या मोटारसायकलींवर, म्हणजे बोडा-बोडांवर बसवले. (या बोडांत पुण्याच्या बजाजची बॉक्सर जागोजागी दिसते.) पण स्वस्त सेन्सर दमट हवेत फुगलेले कणही मोठे म्हणून मोजतो, त्याला शेजारी महागडं संदर्भ यंत्र लागतं. कित्येक शहरांत ते अमेरिकी दूतावासातच होतं, आणि मार्च २०२५ मध्ये त्या यंत्रांचे आकडे जाहीर करणंच बंद झालं. त्यात धूर फक्त गाड्यांचा नाही : कोळशाच्या शेगड्या, जळता कचरा, लागोसमधले जनरेटर, पश्चिम आफ्रिकेत हरमॅटनची, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची धूळ. कुणाचा वाटा किती, हे ठरल्याशिवाय जुन्या गाड्यांची आयात रोखून हवा किती सुधारेल ते सांगता येत नाही.

उपाय तपासणारं संशोधन आणखी कमी आहे, पण आहे ते झकास. केनियात हब्यारिमाना आणि जॅक या संशोधकांनी रँडम पद्धतीने निवडलेल्या मटाटूंमध्ये नुसते स्टिकर लावले : ड्रायव्हर बेफाम चालवत असेल तर गप्प बसू नका, ओरडा. पहिल्या प्रयोगात त्या गाड्यांचे विम्याचे दावे निम्म्याहून कमी झाले, पुढच्या मोठ्या प्रयोगात घट पाव ते एक तृतीयांश निघाली. त्यांनी पोलिसांच्या आकड्यांवर भिस्त न ठेवता विमा कंपन्यांचे दावे वापरले, हे लक्षात ठेवा. डेटा नाही म्हणून रडण्याआधी असा आडवाटेचा डेटा शोधा.

नैरोबी निवडलीत तर स्थानिक विद्यापीठातला सहगाईड आधी पक्का करा आणि तिकीट काढण्यापूर्वी नॅकोस्टी या केनियाच्या राष्ट्रीय विज्ञान आयोगाच्या संशोधन परवान्यासाठी अर्ज टाका. हॉस्पिटलची नोंद हवी असेल तर तिथल्या नीती समितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी वेगळी लागेल. कामापुरती स्वाहिली मात्र इथूनच शिकून जा, स्टेजवर इंग्रजीत प्रश्न विचारलात तर कंडक्टर तुम्हाला मालकाचा माणूस समजेल.